पुस्तकात नसलेली तार

४ मे

…मग कूलरमध्ये पाणी भरलं. पाइप निसटला आणि अंगण ओलं झालं, ते खराट्यानं झाडून काढलं. रात्री भिजवलेली मुगाची डाळ वाटली आणि आठच्या आत गच्चीवर मुगवड्या घालून आले, कारण नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. खाली आले तर हे डबा मागत होते. मी म्हटलं, वकीलसाहेब जेवायला ठेवून घेतीलच, डबा कशाला. "बरं," म्हणाले. दोन लिटरची कॅन भरून दिली. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत ऐकला आणि हात धुवायला गेले. त्या सकाळचं आणखी काही आठवत नाही. दोन वर्षं रोज आठवते, पण त्यात भर पडत नाही.

आज ती इथे लिहून ठेवली, कारण वकीलसाहेबांचा फोन आला. (ही वही माझ्या लेकीनं, करिश्मानं, तिच्या लॅबमधून आणली. मागच्या वर्षीची डायरी आहे, वार जुळत नाहीत. वार खोडते आणि तारीख ठेवते.)

भगवंतराव अकोल्याचे वकील, आता ब्याऐंशी वर्षांचे. त्यांची लाल गाडी एकतीस वर्षं अमरावतीला आमच्या गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये आहे. दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. शर्यतीच्या गाड्यांच्या जातीची आहे म्हणतात. त्यांच्या थोरल्या भावानं परदेशातून आणली होती. अकोल्यात तिला हात लावणारा मिस्त्री मिळेना, म्हणून यांच्याकडे आली आणि राहिली. वर्षातून दोन-तीनदा हे ती अकोल्याला नेत, वकीलसाहेबांना गावात एक फेरी मारून आणत आणि परत घेऊन येत. दोन वर्षांपूर्वी तेवीस मेला तशीच नेली. परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी होती आणि हे तिच्या सावलीला टेकून बसलेले सापडले. ढाबा अर्ध्या किलोमीटरवर होता. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. पोलिसांनी पाकीट, किल्ली, पाना आणि पाण्याची कॅन परत दिली. कॅन रिकामी होती. म्हणजे पाणी तरी प्यायले होते, एवढं एक समाधान.

वकीलसाहेब म्हणाले, "देवकाबाई, गाडीच्या कागदांची मुदत या महिन्याअखेर संपते. पुन्हा नोंदणी करायची तर गाडी अकोल्याच्या आरटीओत उभी करावी लागते. वीस तारखेची वेळ मिळाली आहे. बावीसला मुलगा मला कायमचा पुण्याला नेतो. कागद झाले की गाडी करिश्माच्या नावानं करून देतो. नाही झाले तर मात्र भंगारवालाच."

मी म्हटलं, "भंगारवाल्यालाच द्या."

ते मग म्हणाले, "पोरीला एकदा विचारा."

विचारायला नको होतं. करिश्मा ताटावर बसली होती. घास तसाच हातात धरून म्हणाली, "वीस तारीख न? सुट्टी टाकतो मी."

गाडी तिला यांनीच शिकवली. ती चालवू शकणारं दुसरं माणूस आता नाही. ट्रकवर चढवून न्यावी म्हटलं, तर म्हणाली, "मागच्या वेळी क्रेनले लावून आणली तं पुढचा पत्रा फाटला. बंडूकाका दोन महिने ठोकत होते. माह्या डोळ्यासमोर पुन्हा तिले कोणी आकडा लावणार नाही."

तीच गाडी, तोच रस्ता, तोच महिना. मी भांडी घासली आणि पुन्हा एकदा घासली.

५ मे

बंडूभाऊंनी गाडी सुरू केली. बंडूभाऊ म्हणजे यांचे शेडमधले जोडीदार, तीस वर्षांपासूनचे. त्यांना वाचता येत नाही. गाडीचं दुखणं आवाजावरून सांगतात. मला पाना चालवता येत नाही, पण वाचता येतं. माझी शाळा बाळापूरकडच्या आमच्या खेड्यात चौथीला सुटली. पुढचं वाचन बाबांच्या झेंडूच्या टोपल्यांत खाली घातलेल्या पेपरांवर झालं. इंग्रजी मात्र या गाडीच्या जाड पुस्तकावर शिकले, शेजारी शब्दकोश ठेवून. त्याला अकरा वर्षं लागली. हे म्हणत, "तू वाच, मी पिळतो."

आज इंजिन सुरू होताच आतून मांजर अडकल्यासारखी किंकाळी आली. मी शेडच्या दारातून मागे सरले.

"कंप्रेसरची पुली हाय," बंडूभाऊ म्हणाले. "बेअरिंग गेलं. एसी तं कवाचा मेला, पण पट्टा अजूनही त्याले फिरवून राहिला."

"मग?"

"मग काय. एखाद्या टायमाले जाम होईन. पट्टा तुटन, अन् तुटला का बाजूच्या पट्ट्यात गुतन. तो पाण्याच्या पंपाचा हाय. पंप थांबला का गाडी थांबली."

"कुठे तुटेल?"

"आता हे मी कसं सांगू वहिनी? तो काय गाव पाहून तुटते?"

मी सांगितलं, काढा. सगळा एसी काढा.

या एसीनं करिश्मा शाळेत असल्यापासून गार वारा दिलेला नाही. हे कधी दुरुस्त करत नव्हते. म्हणत, दोन काचा खाली केल्या की झाला एसी. तेराव्याला आलेलं निम्मं गाव मला हेच सांगून गेलं, की एसी असता तर माणूस वाचला असता. मी सगळ्यांना चहा दिला. एसी तर होता. न चालणारा, अकरा-बारा किलोचा.

७ मे

पुस्तकात एसीचं प्रकरण सुरू होण्याआधीच चौकट आहे. नळ्यांत गॅस दाबानं भरलेला असतो. नळी तशीच उघडली तर डोळे जातात, कातडी गारठून जळते. जवळ ज्योत असली तर त्याच गॅसचं विष होतं. मी हे तीनदा वाचलं आणि शेजारच्या गल्लीतल्या ओमप्रकाशला बोलावलं. तो फ्रिज दुरुस्त करतो.

त्यानं दाब मोजायचं घड्याळ लावलं. काटा शून्यावर.

"भाभीजी, इसमें कुछ बचा नहीं. खाली डब्बा है."

"तोंडाशी कचरा अडकला असेल तरी काटा शून्यच दाखवतो," मी म्हटलं. "पान दोनशे बारा."

तो बंडूभाऊंकडे बघायला लागला. बंडूभाऊ म्हणाले, "बोलू नको बाप्पा, पुस्तकवाल्या हायेत त्या."

करिश्माच्या लॅबमधले दोन चष्मे मी आणून ठेवले होते. बंडूभाऊंनी एक उलटसुलट पाहिला. "मी काय ऑपरेशन करून राहिलो? हे घालून मले माहा हात दिसत नाही."

"घाला."

"देवानंद असता तं हासला असता." यांना ते नावानंच हाक मारत.

"घाला बंडूभाऊ."

घातला. नटावर ओलं फडकं गुंडाळलं. मी सांगितलं, अर्धाच आटा, मग थांबा. आणि मी अंगणात निघून गेले. विहिरीवरचं झाकण घट्ट धरून उभी राहिले. फुस्स असा बारीक आवाज आला, सायकलच्या चाकातून येतो तेवढाच. मग आतून हसण्याचा आवाज. आत गेले तर बंडूभाऊ चष्मा घालून ओमप्रकाशला म्हणत होते, "काहून रे, मी हिरो दिसतो का?"

मला हसू आलं नाही.  गॅस गेला तरी भीती जात नाही. ती त्या नळीतली नव्हतीच.

अकोला आज ४४.८ अंश.

९ मे

कॉम्प्रेसर निघाला. त्याचा पट्टा वेगळाच होता, त्यामुळे नवा आणावा लागला नाही. रेडिएटरच्या पुढे उभी असलेली एसीची जाळी निघाली. जाळीत बारीक पाकोळ्या, बाभळीचा एक काटा आणि अकोल्याच्या रस्त्याची धूळ. नळ्या डॅशबोर्डमागे जिथून जात ती भोकं रबरी बुचांनी बंद केली, नाहीतर इंजिनाची आच पायावर येते. सगळं सामान भिंतीशी ओळीनं मांडून ठेवलं.

बंडूभाऊ उद्यापासून चार दिवस अचलपूरला. पुतणीचं लग्न. जाताना म्हणाले, "राहिलेलं मी आल्यावर. तुमी हात लावू नका."

१० मे

हात लावला.

दहा दिवस राहिले आहेत आणि चार असेच घालवायचे हे मला जमेना. पुस्तकात पुढची पायरी स्पष्ट आहे. एसीचा विजेचा पंखा, त्याचा फ्यूज, त्याच्या तारा, डॅशबोर्डवरचं बटण. हे सगळं एसीच्या चित्रात आहे, एसीच्याच रंगात. इंजिनाचा पंखा वेगळा, तो पट्ट्यावर फिरतो. मी हत्यारांतले चार पाने काढून ठेवले आणि पुस्तक सीटवर उघडं ठेवलं. जाळी नसल्यामुळे पंखा सहज निघाला.

तारा मोजल्या. चित्रात तीन आहेत. गाडीत चार निघाल्या.

चौथी जाड आणि लाल. ती बटणापासून निघून, बाकीच्या तारांना टाळून, थेट पंख्याकडे गेलेली. तिच्यावर काळी पट्टी यांच्या हाताची होती. यांची पट्टी ओळखू येते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा, आणि शेवटचं टोक दुमडून आत. मी पुस्तकात सगळीकडे शोधलं. पुढची पानं, मागची पानं, दुरुस्त्यांची यादी. ही तार कुठेच नाही.

मग माझ्या लक्षात आलं. हे गुपचूप एसी दुरुस्त करत होते. माझ्यासमोर काच खाली करा म्हणायचं आणि एकटे असताना तारा जोडायच्या. त्यांनाही गार वारा हवा होता. मला का सांगितलं नाही? मी काय नाही म्हटलं असतं? कोण जाणे किती उन्हाळे ते त्या बटणाकडे बघत गेले असतील.

मी लाल तार दोन्हीकडून कापली. पट्टी मात्र सोलून काढून ठेवली.

१२ मे

आज जे झालं ते वेळेसकट लिहिते.

करिश्मा लॅबमधून चारला आली. म्हणाली, बडनेऱ्यापर्यंत जाऊन येतो, किंकाळी गेली का पाहू. मी म्हटलं सहानंतर जा. "सहाले ऊन उतरल्यावर काय समजन आई? वीस तारखेले उन्हातच उभी राहायची आहे गाडी." चार दहाला गेली. मी सांगितलं, पोहोचल्यावर फोन करजो. अर्ध्या तासाचं जाणं-येणं.

पाच वाजले. फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. बाई सांगते संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ही बाई मला माहीत आहे. त्या दिवशीही हीच होती.

मी गॅस बंद केला. दार ओढून घेतलं. परत उघडून चप्पल घातली. कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. रिक्षावाल्यानं विचारलं कुठे जायचं, मला सांगता येईना. बडनेरा तोंडातून निघेना. तो म्हणाला, "बसा मावशी, पाणी प्या आधी." पाच वीस झाले. माझ्या डोक्यात एकच दिसत होतं, ती गाडीच्या सावलीला टेकून बसली आहे.

पाच चाळीसला आवाज आला. गाडी ओळखू आली, पण आवाज जड होता. करिश्मा उतरली. तोंड लालबुंद, उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत ओढणी गुंडाळलेली.

"काही नाही झालं," ती आधीच म्हणाली. "पुलाचं काम चालू आहे तिथं अडकलो. वीस मिनिटं गाड्या हलल्याच नाही. काटा वर वर गेला अन् उकळलं. रेडिएटरचं झाकण लवकर उघडलं मी, चूक माझी. वाफ आली."

"फोन?"

"गरम होऊन बंद पडला."

"पाणी प्यायलीस का?"

"बाटली होती एक. ती इंजिनाले पाजली. नाहीतर हललीच नसती."

"आणि तू?"

"मी काय, एका ट्रकवाल्यानं दिलं मले. आई, ओढणी ओढू नको, दुखते."

हातावर फोड आले आहेत. ती स्वतःच मलम लावून, मला पट्टी धरायला लावून, टीव्ही बघत बसली. जाताना गाडी ठीक होती. किंकाळी काढण्यासाठी मी जे काढलं त्यानंच हे झालं असणार. त्यातलं नेमकं काय काढल्यानं झालं ते मला कळत नाही. पुस्तक पुन्हा उघडलं. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर आहे.

१३ मे

लिहिण्यासारखं काही नाही. पाण्याची कॅन माळ्यावरून काढली, घासली, पालथी घातली.

१४ मे

बंडूभाऊ लग्नाचे लाडू घेऊन आले. डबा माझ्या हातात देतानाच त्यांची नजर गाडीच्या तोंडाकडे गेली.

"वहिनी, पंखा कुठी हाय?"

"काढला. एसीचा होता."

"कोनं सांगतलं?"

"पुस्तकानं."

ते जुन्या टायरवर बसले. टोपी काढली. "पुस्तकात असन एसीचा. आपल्या इथं तो इंजिनाचा हाय. एसी मेला त्याच वर्षी देवानंदनं पंखा त्याच्यापासून तोडला अन् वेगळी तार टाकली. गाडी तापाले लागली का बटण दाबाचं. ते पुस्तक लिवणाऱ्याच्या गावात ऊन कुठी असते वहिनी?"

"लाल तार."

"हो, लाल."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी वाचणाऱ्या. आमाले वाटलं सगळं लिवलेलंच असन."

मी करिश्माच्या हाताबद्दल सांगितलं.  मग मी विचारलं. हे मला परवापासून विचारायचं होतं, पण कशाबद्दल विचारायचं ते आज कळलं.

"त्या दिवशी पंखा चालू होता का?"

बंडूभाऊ सुताच्या गुंड्यानं हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

"फ्यूज उडेल होता," ते म्हणाले. "क्रेनवरून उतरवली तवाच पाह्यलं मी. नवा लावून देल्ला."

"दोन वर्षं झाली बंडूभाऊ."

"सांगून काय झालं असतं? चार आण्याचा फ्यूज. माणूस चार आण्यापायी गेला हे तुमाले काहून सांगू?"

मी चहा ठेवायला आत आले. दूध उतू गेलं. ते पुसलं. चहा करून दिला, त्यांनी पिऊन घेतला. मग दोघांनी मिळून लाल तार जोडायला घेतली. मी धरली, त्यांनी पिळली.

१५ मे

तार जोडून झाली, पंखा रेडिएटरला थेट बसवला. तरी मी किल्ली ज्वारीच्या कोठीत खाली पुरून ठेवली. कारण तार पुन्हा जळू शकते. फ्यूज पुन्हा उडू शकतो. आता जे माहीत आहे ते माहीत नसतानाच बरं होतं. तेव्हा नुसतं ऊन होतं. आता फ्यूज, तार, बटण, पूल, झाकण, फोन, एवढं सगळं आहे आणि करिश्मा सव्वीस वर्षांची आहे.

संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन. गाडी कशी आहे विचारलं आणि मग फोन ठेवलाच नाही. म्हणाले, "देवकाबाई, एक सांगायचं राहिलं आहे. त्या दिवशी देवानंद अकराला निघत होता. मी जेवायला थांबवलं. गप्पांत दोन वाजवले. पुण्याला जाण्याआधी हे तुम्हाला सांगायचं होतं."

मी म्हटलं, "तुम्ही जेवू घातलंत ते चांगलंच केलंत."

डब्याचं मी काही बोलले नाही.

अकोला ४५.६.

१७ मे

दोन दिवस करिश्मानं किल्ली मागितली नाही. मला वाटलं तिनंही मनातून काढलं. आज दुपारी ज्वारी दळायला काढताना तीच कोठीशी आली. हात घालून किल्ली वर काढली आणि माझ्यासमोर ताटात ठेवली.

"ज्वारीत कीड नाही लागत यानं," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"तू लपवलं का कोठीतच लपवते. माही दहावीची मार्कशीटही तिथंच होती." मग पर्समधून दुसरी किल्ली काढून पहिलीच्या शेजारी ठेवली. "ही बाबांची. पहिल्यापासून माह्यापाशी आहे. मले जायचंच असतं तं गेलो असतो."

"मग?"

"तू म्हणशीन तं जाईन. नाही म्हटलं तं वकीलसाहेबांले फोन करतो, भंगारवाला उद्या घेऊन जाईन. पण तोंडानं सांग. कोठीत नको पुरू."

मी म्हटलं, "तू त्या दिवशी तुझं पाणी इंजिनला पाजलंस."

ती पाटावर बसली. ज्वारीत बोटं फिरवू लागली.

"तिथं उभं असतानाच मले कळलं, आई. बाबांची कॅन काहून रिकामी होती ते. बाटली ओतून झाल्यावर कळलं. तुले सांगणार नव्हतो."

"मलाही त्याच दिवशी कळलं."

"मग तू काहून नाही बोलली?"

"तू टीव्ही बघत होतीस."

ती हसली आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. तिला जवळ घेतलं. भाजलेला हात सांभाळून, तो एका बाजूला धरून. वडील गेल्यावर ती रडली नव्हती. मी तेव्हा म्हणत असे, पोरगी खंबीर आहे.

मला अजून भीती वाटते. ती कमी झाली नाही. पण ती माझी आहे, आणि मी ती कोठीत पुरली तर ज्वारीबरोबर रोज काढावीच लागणार. मी म्हटलं, जा. पण मी शेजारी बसणार. दोनच माणसांची गाडी आहे, दुसरी जागा माझी.

"तुले उलटी होते एस.टी.त."

"झाली तर होऊ दे."

१८ मे

भर दुपारी दोनला गाडी शेडच्या बाहेर उन्हात पाऊण तास सुरू ठेवली. मी छत्री घेऊन काट्यासमोर बसले. काटा वर चढला, करिश्मानं बटण दाबलं, पंखा फिरला, काटा उतरला. असं सहा वेळा. बंडूभाऊ म्हणाले, जाळी निघाल्यानं वारा आता पहिल्यापेक्षा मोकळा लागते, तेवढं तुमचं पुस्तक बरोबर हाय. मी सहा फ्यूज घेतले. बदलायचा कसा ते बंडूभाऊंनी मला शिकवलं. चौथ्या खेपेला डोळे मिटून जमला.

२२ मे

झालं ते लिहिते.

वीस तारखेला पहाटे पाचला निघालो. या गाडीत मी पहिल्यांदा बसले. गिऱ्हाइकाच्या गाडीत घरच्यांनी बसायचं नाही हा यांचा नियम होता, करिश्माला शिकवताना तेवढा मोडला. जागा इतकी खाली की ट्रकचं चाक तोंडासमोर येतं. दर चाकाला मी डोळे मिटत होते. चाळीस लिटर पाणी मागे होतं, वीस आमचं आणि वीस गाडीचं, डब्यांवर खडूनं लिहिलेलं. करिश्मा म्हणाली, "आपण अकोल्याले चाललो का वाळवंटात?" मी काट्याकडे बघत होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे ती जागा आली. रस्ता रुंद झाला आहे, ओळखू आली नसती. करिश्मानं वेग कमी केला नाही. मीही थांब म्हटलं नाही. एक बकऱ्यांचा कळप होता आणि एक बाई दुधाची कॅन घेऊन रस्ता ओलांडायची वाट बघत होती. ती गेली की नाही ते मागे वळून पाहिलं नाही.

आरटीओत साडेनऊपासून रांगेत. साडेबाराला नंबर आला. उन्हात पाऊल ठेववत नव्हतं. साहेबांनी आत डोकं घातलं, बटण बघितलं. "एसीचं बटण आहे, एसी कुठे आहे?"

"साहेब, ते पंख्याचं आहे," मी म्हटलं.

"बटणावर तर एसी लिहिलं आहे."

"लिहिलेलं आहे खरं. पण दाबून पाहा."

त्यांनी दाबलं. पंखा फिरला. तीन तास उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा काटा मधोमध होता. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या गाडीकडे गेले. वकीलसाहेब नातवाच्या खांद्याला धरून आले होते. त्यांनी मालकाच्या जागी सही केली, मग करिश्माला म्हणाले, मला एकदा बसव. दार उघडून, पाय उचलून बसवलं. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते पाच मिनिटं बसले. गाडी सुरू करू का विचारलं तर म्हणाले, नको, ऊन आहे.

दुपारी परत निघालो नाही. ते मी आधीच ठरवलं होतं. वकीलसाहेबांकडे जेवलो, त्यांच्या बांधलेल्या खोक्यांमध्ये गाद्या टाकून झोपलो. मला झोप लागली नाही, पण पडून राहिले. करिश्मा घोरत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून साडेसातला घरी आलो. मी आंघोळ केली, गाडीचं पुस्तक काढलं आणि एसीच्या पानावर, समासात, मराठीत लिहिलं: हा पंखा इंजिनाचा आहे. लाल तार कापू नये. सोबत फ्यूज आणि पाणी ठेवावं, माणसासाठी वेगळं.